चार वड्यांचे वर्तमान, अर्थात दिगंबरपंतांची रंगभूमीवरील स्वारी

श्री रंगदेवता समर्थ. पडद्यास नमन, तिन्ही घंटांस नमन, आणि आपल्या पुढील खुर्चीवर उंच मनुष्य न बसविणाऱ्या दैवास विशेष नमन करून हा मजकूर लिहिण्यास आरंभ केला. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, भानुवासर, घड्याळी दुपारचे चार, ते समयी एका नगरीच्या नाट्यगृहीं जे वर्तले ते ज्यांनी देखिले त्यांनी सांगितले, आणि ज्यांनी देखिले नाही त्यांनी अधिक तपशिलाने सांगितले, ते सर्व ताडून येथे लिहिले आहे. नगरीचे नाव पुसू नये. तेथे नाट्यगृह एक, चित्रगृहे दोन, आणि मत देणारे घरटी तीन, इतके सांगितले म्हणजे पुरे.

त्या नगरीत राजश्री मुकुंदराव घैसास नामे एक रसिक होते. वीजखात्यात चौतीस वर्षे मीटर तपासून मोकळे जाहले, परंतु सर्व चित्त प्रथमपासून खेळांकडे. परगावचे नाटक येवो, चित्रपट लागो, महिला मंडळाची एकांकिका असो की शाळेच्या गच्चीवरील नकला असोत, मुकुंदरावांची स्वारी तेथे पोचली नाही ऐसे जाहले नाही. नाट्यगृहीं तिसऱ्या रांगेतील अकरावी खुर्ची त्यांची. बारावीवर त्यांचे परमस्नेही दिगंबरपंत वायंगणकर, टपालकचेरीचे, आणि तेरावीवर पंतांचे कुटुंब कुमुदवहिनी, ऐशी तीन आसने तीस वर्षे अढळ होती. आता त्या राज्याची रीत ऐशी की प्रयोग संपला म्हणजे आत रंगपटात जावे आणि कलावंतांस दोन शब्द बोलावे. नाटक उत्तम असेल तर अडचण नाही. परंतु नाटक पडले, आणि पुढे नट घामाघूम उभा, चेहऱ्याचा रंग अर्धा पुसलेला, आणि तो डोळे लावून पुसतो की 'कसं वाटलं', तेव्हा खोटे बोलवत नाही आणि खरे सांगवत नाही, हा मोठा पेच. मग दोघा स्नेह्यांनी रंगपटाच्या जिन्यात उभे राहून मसलत केली आणि एक भाषा सिद्ध केली. नाटक पडले तर 'नेपथ्य सुरेख' म्हणावे. त्याहून पडले तर 'मेहनत दिसते' म्हणावे. आणि जेथे काहीच हाती लागत नाही तेथे 'प्रामाणिक प्रयत्न' म्हणावे आणि चपला शोधाव्या. ही भाषा अत्यंत गुप्त होती, म्हणजे वर्षभरात सर्व नगरीस अवगत जाहली. एक होतकरू नट 'प्रामाणिक प्रयत्न' ऐकून जो गेला तो विम्याच्या धंद्यात नावारूपास आला, आणि अद्याप मुकुंदरावांस पाहून रस्ता बदलतो.

परंतु शब्दांहून मोठी खूण ती वड्याची. मध्यंतरात मुकुंदराव उपाहारगृही जाऊन एक बटाटेवडा घेत. तेथील मालक गणपतराव शेट्ये, यांनी वीस वर्षे टक लावून पाहून शोध केला तो ऐसा की, नाटक बरे असले तर मुकुंदराव एक वडा खातात, रडतखडत असले तर दोन खातात, आणि नाटक मनास भिडले तर वडा हाती घेतात आणि खाणे विसरतात, आणि तिसऱ्या घंटेस तो थंड वडा शेट्यांच्या फळीवर ठेवून आत जातात. ऐसा थंड वडा त्या वीस वर्षांत तीनदाच जाहला, आणि त्या तिन्ही नाटकांची नावे शेट्यांनी भिंतीवर खडूने लिहून ठेविली होती. तीन वडे एकदाच जाहले, आणि त्या नाटकाचा दुसरा प्रयोग जाहला नाही. यास्तव मध्यंतरात रंगभूषाकार चहाची किटली नेण्यास येई तो शेट्यांच्या कानाशी लागून पुसे, 'किती?', आणि आकडा घेऊन आत जाई. मुकुंदरावांस वाटे आपण नुसते वडा खात आहो.

पुढे दोन वर्षांखाली कुमुदवहिनी थोड्याशा दुखण्याने देवाघरी गेल्या, आणि दिगंबरपंत घरात बसले ते बसलेच. नाटक नको, चित्रपट नको, दारावरची घंटा वाजली तरी उठणे नको. मुकुंदराव दर भानुवारी खिडकीतून हाक मारीत, आणि पंत आतून म्हणत, "तू जा रे. मला मग सांग." मुकुंदराव जात, दोन रिकाम्या खुर्च्यांशेजारी बसत, येऊन खिडकीतून गोष्ट सांगत, आणि पंत वेताच्या आरामखुर्चीत तिच्या एका हाताशी अंग चोरून बसलेले असत, जणू दुसऱ्या बाजूस कोणास जागा ठेविली आहे. हे पाहणे मुकुंदरावांस नाटकाहून जड जाई. ऐशात काय जाहले, गल्लीतील स्नेहल पाटणे नामे मुलगी, बँकेत नोकरी आणि नाटकाचे वेड, तिने सुभ्याच्या नाट्यस्पर्धेसाठी 'पाहुणे जाईनात' ऐसे नाटक बसविण्यास घेतले, आणि त्यात जुनी वेताची खुर्ची हवी म्हणून ती पंतांकडे मागावयास आली. खुर्चीत पंत बसलेले. तिने खुर्ची पाहिली, पंतांस पाहिले, आणि दोन्ही नेले. पंत नको म्हणाले असते, परंतु दोन वर्षांत कोणी काही मागितलेच नव्हते, तेव्हा नको म्हणण्याची सवय मोडली होती. त्यांस भूमिका दिली ती निवृत्त सुभेदाराची: मिशा मोठ्या, आवाज मोठा, आणि घरात आलेले पाहुणे हलत नाहीत म्हणून दुसऱ्या अंकाच्या शेवटी सर्वांस घालवून देणारा. पंतांनी आयुष्यात टपालकचेरीच्या खिडकीतूनही कोणास मोठ्याने 'पुढे' म्हटलेले नव्हते.

हे वर्तमान मुकुंदरावांस कळले तेव्हा परम हर्ष जाहला, आणि तो सुमारे पाव घटका टिकला. मग चित्तीं आले की प्रयोग संपल्यावर आत जावे लागेल, आणि दिगू पुसेल. दिगूस काय सांगावे? जी भाषा आहे ती त्याचीच. सर्व नगरीस जे इतकी वर्षे बोललो ते दिगूने जिन्यात उभे राहून रचिले, आता त्यास 'मेहनत दिसते' कैसे म्हणावे. बरे, 'छान' म्हणावे तर तीस वर्षांत आपण नुसते 'छान' कोणास म्हटले नाही, तो तेव्हाच ओळखेल. आणि वाईट ऐकिले तर तो खुर्ची घेऊन घरी जाईल, दार लावील, आणि या वेळी खिडकीही लावील. ऐसा विचार करकरून मुकुंदरावांच्या तोंडचे पाणी पळाले. पंतांचा निरोप आला तो आणखी कठीण: "तालमीला येऊ नकोस. प्रयोगाला ये. आणि हे बघ, मला गोड बोलू नकोस. गोड बोलायला बाकीचे आहेत." मग मुकुंदराव आरशापुढे उभे राहून चेहऱ्याचा सराव करू लागले. कुटुंब शालिनीबाई पोळ्या लाटता लाटता पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "काय बघताय एवढं?"

"चेहरा."

"अडुसष्ट वर्षं तोच आहे."

"तिसऱ्या रांगेतला चेहरा स्टेजवरून दिसतो, शालू. दिगूला माझं तोंड वाचता येतं."

"मग मागे बसा."

"मागे बसलो तर त्याला वाटेल आवडलं नाही म्हणून मागे बसला."

"मग जाऊच नका." ऐसे म्हणून बाईंनी पोळी तव्यावर टाकिली, आणि मग हळू बोलिल्या, "खोटं बोला हो एकदा. देव काही धावून येत नाही."

"देव नाही येणार. पण दिगूही येणार नाही परत."

त्या महिनाभरात मुकुंदरावांची रसिकता पार बिघडली, त्याचा तपशील लिहिणे अगत्य आहे. चित्रगृहीं एक ऐतिहासिक चित्रपट लागला होता, त्यात राजा साधे पाणी मागे तरी किल्ला हादरे, आणि संगणकाचे घोडे एकाच पायाने धावत. एरवी मुकुंदराव दुसऱ्या दिवशी चौकात उभे राहून त्याचे श्राद्ध घालते. परंतु दरबाराच्या प्रवेशात मागे भाला धरून एक पहारेकरी उभा होता, त्याचा भाला थरथरत होता, आणि मुकुंदरावांस वाटले की याचाही कोणी मित्र या अंधारात बसला असेल, आणि घरी जाऊन त्यास काय सांगावे या काळजीत असेल, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग एक विनोदी चित्रपट आला, त्यात चार मित्र विलायतेस जातात, आणि का जातात हे विलायतेसही शेवटपर्यंत कळत नाही. तेथे एका हमालास एकच वाक्य होते, 'बॅगा कुठे ठेवू साहेब', आणि ते त्याने इतक्या जिवावर उदार होऊन म्हटले की मुकुंदरावांनी टाळी वाजविली. पूर्ण चित्रगृहात एक टाळी. पुढील रांगेतील बाईने वळून पाहिले, तेव्हा मुकुंदराव म्हणाले, "माझ्या ओळखीचा आहे." तो ओळखीचा नव्हता. त्यानंतर महिला मंडळाने संगीत नाटक केले, त्यात साठीच्या बाई सोळाव्या वर्षाची नायिका जाहल्या, आणि गाण्याच्या मध्यभागी पुठ्ठ्याचे झाड त्यांच्या अंगावर पडले, आणि त्यांनी एका हाताने झाड धरून ठेविले आणि तान पुरी केली. आत गेल्यावर मुकुंदरावांनी तोंड उघडिले, आणि 'नेपथ्य' म्हणावे तर नेपथ्य बाईंच्या हाती होते, तेव्हा काही न सुचून म्हणाले, "तुम्ही झाड सोडलं नाहीत." बाई रडू लागल्या आणि म्हणाल्या, "वीस वर्षांत तुम्ही पहिल्यांदा काहीतरी खरं बोललात." मुकुंदराव घरी येऊन शालिनीबाईंस बोलिले, "मी संपलो. मला आता वाईटसुद्धा दिसेना."

मग सप्तमीचा भानुवार उगवला. मुकुंदराव तीनलाच जाऊन अकराव्या खुर्चीवर बसले. बारा आणि तेरा रिकाम्या. तिसरी घंटा जाहली, पडदा वर गेला, आणि मध्यभागी वेताची ती खुर्ची, जिच्या डाव्या हाताचा वेत कुमुदवहिनींनी निळ्या सुतळीने बांधिला होता, ती सुतळी तिसऱ्या रांगेतून स्पष्ट दिसत होती. पंत मिशा लावून आले, आणि त्यापुढे पहिल्या अंकात काय जाहले हे मुकुंदरावांस विचाराल तर काहीच सांगता येत नाही. ते नाटक पाहत नव्हते. दिगूचा सदरा पाठीत भिजला किती, दिगूचा हात कापतो की नाही, मिशी डावीकडे सुटली की काय, इतकेच पाहत होते, आणि आपला चेहरा हसतमुख ठेवण्याच्या खटपटीत गाल दुखू लागले. मध्यंतर जाहले. स्वारी उपाहारगृही गेली. शेट्यांनी वडा पुढे केला, आणि मुकुंदराव कडेस उभे राहून भिंतीवरील तीन नावांकडे पाहत राहिले आणि मनात म्हणू लागले, आवाज पोचत नव्हता का, पोचत होता का, आणि हात फळीकडे जात राहिला.

"मुकुंदराव," शेट्ये दबल्या आवाजात म्हणाले, "चार झाले."

"काय चार?"

"वडे."

मुकुंदरावांनी हाताकडे पाहिले. चौथ्याचा शेवटचा तुकडा बोटांत होता. "मी खाल्ले?"

"दुसरं कोण? तीनचा उच्चांक होता. मीच मोजले आहेत."

"मग मोजता कशाला, अडवायचं नाही?"

"गिऱ्हाइकाला अडवतात होय?" शेट्ये म्हणाले, आणि मग नजर चुकवून म्हणाले, "किटली आत गेली."

"म्हणजे?"

मग शेट्यांनी वीस वर्षांचे गुपित तेथेच फोडिले: खूण कोणती, आकडा कोण नेतो, तीनला काय आणि थंड वड्याला काय समजतात, सगळे. मुकुंदरावांचा चेहरा कढईतील तेलासारखा जाहला. मध्यंतरात रंगपटात पाय न ठेवणे हा त्यांचा तीस वर्षांचा नेम, तो त्या क्षणी मोडिला. शेट्यांनी धावत्या माणसाच्या हाती आणखी एक गरम वडा कागदात दिला, का दिला ते त्यांसही सांगता येत नाही, बहुधा हात आपोआप चालला.

रंगपटात दिगंबरपंत मिशी हाती घेऊन बसले होते आणि स्नेहल पुढे गुडघ्यांवर बसून विनवीत होती. "काका, दुसरा अंक सगळा तुमच्यावर आहे."

"खुर्ची राहू दे तुमच्याकडे," पंत म्हणाले. "मी जातो घरी."

"दिगू," मुकुंदराव दारातून म्हणाले.

पंतांनी मान वर केली नाही. "चार, मुकुंदा. तीनला नाटक बंद पडलं होतं. आपण दोघं होतो."

"मी भुकेने नाही खाल्ले. वैतागूनही नाही. मला भीती वाटत होती."

"कसली?"

"तुझी. तुला काय सांगायचं त्याची. महिनाभर वाटतेय. मी एका हमालासाठी टाळ्या वाजवून आलोय."

पंत आता वर पाहू लागले. "पहिला अंक कसा होता ते सांग. आपल्या भाषेत नको."

"ठाऊक नाही."

"मुकुंदा."

"खरंच ठाऊक नाही. मी नाटक पाहिलंच नाही. तुझा सदरा पाहत होतो. घाम कमरेपर्यंत आलाय."

स्नेहल म्हणाली, "काका, हे तुम्ही धीर द्यायला आलात?" आणि पंत हसले. दोन वर्षांत पंत हसले नव्हते, तेव्हा तो आवाज प्रथम खोकल्यासारखा निघाला. मग त्यांची नजर मुकुंदरावांच्या हातातील कागदाकडे गेली. "तो पाचवा?"

"तुला आणला."

"मला नको, मिशी लावायची आहे. तू धर. तो घेऊन खुर्चीवर बस, आणि या वेळी नाटक बघ. वाईट वाटलं तर खा. मुद्दाम थांबू नकोस, मला वरून दिसतं. खोटा उपास केलास तर पुन्हा तुझ्याशी बोलणार नाही." ऐसे म्हणून पंतांनी मिशी चिकटविली, ती थोडी तिरपी बसली, आणि पहिली घंटा वाजली.

मुकुंदराव परत येऊन बसले. हाती वडा, कागदातून तेल झिरपते, आणि अंगाखाली खुर्ची नसून सुळावरचा पाट आहे ऐसे वाटे. आता पाहणे भाग होते. आणि पाहिले तेव्हा दिसले की नाटक बेताचेच आहे. दुसऱ्या अंकाच्या आरंभी एक पाहुणा आपली छत्री शोधतो, ती त्याच्याच काखेत असते, आणि हे त्या पाहुण्याखेरीज सर्वांस माहीत असते, आणि ऐसे बारा मिनिटे चालते. मुकुंदरावांनी डोळे मिटले, देवाचे नाव घेतले, आणि प्रामाणिकपणे वड्याचा एक घास खाल्ला. वर पंतांनी तो पाहिला. त्यांच्या मिशीखाली काही हलले, आणि नाटक पुढे गेले.

मग तो शेवटचा प्रवेश आला. सुभेदाराने खुर्चीवरून उठून गर्जावे, 'निघा सगळे, मला माझं घर मोकळं पाहिजे', आणि पाहुण्यांनी सामान घेऊन पळावे, आणि सुभेदाराने विजयाने खुर्चीत बसून मिशीस पीळ द्यावा, ऐसे संहितेत होते. पंत उठले. म्हणाले, "निघा सगळे." मोठ्याने म्हणाले, तालमीत म्हणत तैसेच. आणि पुढील वाक्यास तोंड उघडिले आणि थांबले. पाहुणे सामान धरून उभे. पडद्याआडून वाक्य सांगणाऱ्याने दोनदा सांगितले, ते मागील रांगेपर्यंत ऐकू आले. पंतांनी हात खुर्चीच्या डाव्या बाजूस टेकिला, तो निळ्या सुतळीवर पडला, आणि मग बोलिले ते टपालकचेरीच्या खिडकीतून बोलावे तितक्याच आवाजात, "मला माझं घर मोकळं पाहिजे," आणि हे बोलून ते आपणच दचकल्यासारखे जाहले, जणू कोणी दुसरेच बोलले आणि त्याने हे काय मागितले. पाहुणे गेले. एक जण छत्री विसरला, ती खरीच विसरला. पंत खुर्चीत बसले. मिशीस पीळ दिला नाही. एका हाताशी अंग चोरून बसले, दुसरीकडे जागा सोडून. मग बऱ्याच वेळाने, जे संहितेत नव्हते, ते पंत त्या रिकाम्या घरास म्हणाले, "जेवून तरी जायचं होतं." आणि पडदा पडला.

टाळ्या केव्हा थांबल्या हे मुकुंदरावांस कळले नाही. दिवे लागले, लोक उठले, कोणी पायावर पाय देऊन गेले. ते आत गेले तेव्हा रंगपटात गर्दी होती, नगरीतील सर्व मत देणारे तेथे होते, आणि कोणी नेपथ्य म्हणत होते, कोणी मेहनत म्हणत होते. पंत अर्धा रंग पुसून उभे होते. त्यांनी मुकुंदरावांस पाहिले आणि पुसिले नाही. मुकुंदराव सगळे शब्द मागेच खर्चून बसले होते. त्यांनी हात पुढे केला. कागदात वडा होता, दगडासारखा थंड, तेल मनगटापर्यंत आलेले, आणि एका बाजूस एक घास खाल्लेला.

पंतांनी वडा घेतला, उजेडाकडे धरून फिरवून पाहिला, टपालावरील शिक्का पाहावा तैसा. "हा घास कुठला?"

"छत्रीचा."

"तिथे मीही खाल्ला असता," पंत म्हणाले, आणि उरलेला वडा तेथेच उभ्या उभ्या खाऊन टाकिला, आणि मिशी त्यास चिकटून गेली की काय हे कोणी पाहिले नाही.

येणेप्रमाणे घडले. स्पर्धेत नाटकास काही मिळाले नाही. नेपथ्यास मात्र उत्तेजनार्थ मिळाले, म्हणजे खुर्चीस, तेव्हा परीक्षकांसही ती भाषा येते ऐसे दोघा स्नेह्यांनी ठरविले. शेट्यांनी भिंतीवर चौथे नाव लिहिले आणि पुढे कंसात 'एक घास वजा' ऐसे लिहिले. पुढील भानुवारी परगावचे मोठे नाटक आले. अकरावर मुकुंदराव, बारावर दिगंबरपंत, आणि तेरावर दोघांच्या शाली. नाटक अतिशय वाईट होते. मध्यंतरात दोघांनी तीन तीन वडे खाल्ले, आणि ते गरम होते.